बोटांना कळतं, ते रबरी बोटाला कळेल का?

वर्गात बाई शिकवत असताना, फळ्यावरची नजर न हलवता तुम्ही दप्तरातून खोडरबर काढता की नाही? आत कंपासपेटी असते, डबा असतो, रुमाल असतो, परवा ठेवून विसरलेली बोरंही असतात. तरी हात बरोबर खोडरबरावरच जातो. डोळ्यांची मदत लागतच नाही.

पिठाच्या गिरणीत गेलात तर गिरणीवाले काका काय करतात ते बघा. खाली पडणारं पीठ चिमटीत घेतात, दोन बोटांत चोळतात आणि म्हणतात, “जाड येतंय!” लगेच चाक थोडं आवळतात. कापडाच्या दुकानात आईसुद्धा कापड अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चोळते. दुकानदार काहीही सांगो, तिचा विश्वास तिच्या बोटांवर.

पीठ जाड की बारीक, कापड मऊ की भरड, लाकूड गुळगुळीत की खरखरीत, याला आपण म्हणतो वस्तूचा ‘पोत’. बोटांना तो कसा कळतो? आणि माणसाने बनवलेल्या बोटाला तो कळवता येईल का? चला, या दोन प्रश्नांचा पिच्छा पुरवू या.

हात आहे, पण कळत नाही

अपघातात ज्यांचा हात गेला आहे, त्यांना आज चांगले कृत्रिम हात मिळू शकतात. त्यात छोट्या मोटारी असतात. उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की त्वचेवर अगदी क्षीण विजेचे संकेत उमटतात. ते ओळखून कृत्रिम हात मूठ मिटतो आणि उघडतो. पेला उचलता येतो, पिशवी धरता येते.

पण एक मोठी अडचण आहे. पेला हातात आला की नाही, तो निसटतोय का, जास्त दाबला जातोय का, हे त्या माणसाला हाताकडे बघूनच ठरवावं लागतं. नजर हटली की कागदाचा पेला चुरगळतो, नाहीतर हातातून सटकतो. दिवसभर प्रत्येक वस्तूकडे असं टक लावून बघायचं म्हणजे किती थकायला होत असेल!

स्पर्श नसेल तर चांगला धडधाकट हातही किती लंगडा पडतो, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ रोलँड योहान्सन यांनी दाखवलं. बोटांची टोकं इंजेक्शनने तात्पुरती बधिर केली. स्नायू सगळे ठणठणीत होते, डोळे उघडे होते. तरी काडेपेटीतून काडी काढून ती पेटवायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला आणि काडी पुन्हा पुन्हा हातातून पडली. हाताची ताकद स्नायूंत असते, पण हुशारी बोटांच्या कातडीत असते!

कातडीतले चार पहारेकरी

आपल्या एका हाताच्या तळव्याकडच्या बाजूला स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० सूक्ष्म संवेदक आहेत. त्यांतले बरेचसे बोटांच्या टोकांशी दाटीने बसलेले आहेत. ते मुख्यतः चार प्रकारचे असतात आणि त्यांना ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं मिळाली आहेत.

पहिला मर्केल. बोट एखाद्या वस्तूवर टेकलेलं असेपर्यंत तो खबर देत राहतो. कडा, कोपरे, ब्रेलचे ठिपके ओळखण्यात हा तरबेज. दुसरा माइसनर. स्पर्श सुरू झाला, संपला किंवा वस्तू किंचित सरकली की हा जागा होतो. पेला निसटायला लागला की पहिली आरोळी याची. तिसरा रुफिनी. कातडी ताणली की त्याला कळतं. आणि चौथा पाचिनी. हा कातडीत खोलवर असतो आणि कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. याला समजते ती बारीक थरथर. सेकंदाला साधारण २५० वेळा होणारं कंपन याला सर्वांत चांगलं जाणवतं.

हा चौथा पहारेकरी इटलीच्या फिलिप्पो पाचिनीला १८३१ साली दिसला, तेव्हा तो विद्यार्थीच होता. हाताचं विच्छेदन बघताना त्याला बारीक दाण्यांसारखं काहीतरी दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. बघणारे खूप असतात, थांबून विचारणारे थोडे!

या पहारेकऱ्यांना दाब कळतो कसा, याचं एक उत्तर तर अगदी अलीकडे मिळालं. पेशीच्या आवरणात काही प्रथिनं असतात. आवरण ताणलं की ती दारासारखी उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. ही प्रथिनं आर्डेम पाटापुटियन यांच्या गटाने २०१० साली शोधून काढली. त्यांचं नाव पिएझो. ‘दाबणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते ठेवलं आहे. या कामासाठी २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात पाटापुटियन यांचा वाटा होता. ‘पिएझो’ हा शब्द लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याला स्वयंपाकघरात भेटणार आहे.

बोट हलवलं नाही तर?

आता हातातलं मासिक क्षणभर बाजूला ठेवा. एका हाताचं बोट आपल्या शर्टावर नुसतं टेकवा. हलवू नका. कापड कसं आहे, सांगता येतंय? फारसं नाही. आता बोट फिरवा. लगेच कळलं, हो ना?

डेव्हिड काट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२५ साली स्पर्शावर एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की आपण पोत दोन तऱ्हांनी ओळखतो. तुरीची डाळ, ब्रेलचे ठिपके, दोरीचा पीळ हा झाला मोठा पोत. तो बोट नुसतं टेकवूनही कळतो, कारण उंचवटा कुठे आहे आणि खोलगटपणा कुठे, याचा नकाशाच कातडीवर उमटतो. पण मैदा, रेशीम किंवा काच यांचे उंचसखल भाग इतके बारीक असतात, की त्यांचा नकाशा उमटत नाही. तिथे बोट घासावं लागतं. घासलं की कातडी थरथरते आणि ती थरथर पोताची चुगली करते. पुढच्या काळातल्या प्रयोगांनी काट्झचं म्हणणं खरं ठरवलं. म्हणूनच गिरणीवाले काका पीठ नुसतं दाबून बघत नाहीत, चोळून बघतात.

थोडं गणित करू. दर २ मिलिमीटरवर एक दाता असलेला कंगवा घ्या. त्यावरून नख सेकंदाला १० सेंटिमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर वेगाने फिरवलं, तर सेकंदात ५० दाते लागतील. म्हणजे नख सेकंदाला ५० वेळा थरथरेल. दाते जवळजवळ असतील तर थरथर वाढेल. नख भरभर फिरवलं तरीही वाढेल. मग यंत्रापुढे पेच पडतो: थरथर वाढली ती पोत बारीक आहे म्हणून, की बोट जोरात फिरलं म्हणून? तुमचा मेंदू हा गोंधळ सहज निस्तरतो. रेशमावरून बोट हळू फिरवा नाहीतर भरभर, रेशीम ते रेशीमच लागतं. कृत्रिम बोटाला मात्र आपलं बोट किती वेगाने फिरतंय याचा हिशेब ठेवावा लागतो.

आणि आपली बोटं किती तीक्ष्ण असावीत? स्टॉकहोममधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, माणसांना जेमतेम १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक बोट फिरवून ओळखता आला. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! डोळ्यांना तर या सुरकुत्यांचा पत्ताही लागला नसता.

ठसे कशासाठी?

बोटांच्या टोकांवरच्या बारीक रेघा तुम्ही शाईत बुडवून कागदावर उमटवल्या असतील. पोलिसांना चोर सापडावा म्हणून काही त्या आलेल्या नाहीत! मग त्यांचा उपयोग काय?

पॅरिसमधल्या शास्त्रज्ञांनी एक कृत्रिम बोट बनवलं. सेन्सरवर रबरासारखं आवरण घातलं. एकदा आवरण गुळगुळीत ठेवलं आणि एकदा त्यावर ठशांसारख्या समांतर रेघा कोरल्या. दोन्ही बोटं खडबडीत पृष्ठभागावरून फिरवली. रेघांच्या बोटात विशिष्ट वेगाची थरथर सुमारे १०० पट जोरदार उमटली. त्यांचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

कोणती थरथर, ते तुम्हीच काढा. आपल्या ठशांच्या रेघांमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं. वस्तू चाचपताना बोट सेकंदाला १२० मिलिमीटर फिरलं, तर १२० भागिले ०.५ म्हणजे २४०. आणि पाचिनीला सर्वांत चांगली कळते ती थरथर किती? साधारण २५०! आहे की नाही गंमत?

बोट बनवायची कृती

आता कारखान्यात शिरू. कृत्रिम बोटाला दाब कळावा म्हणून मुख्यतः तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती: रबरात कार्बनची पूड मिसळायची. रबर दाबलं की कार्बनचे कण एकमेकांच्या जवळ येतात आणि वीज जास्त सहज वाहते. वीज किती वाहिली ते मोजलं की दाब समजला.

दुसरी युक्ती: दोन पातळ धातूच्या थरांमध्ये रबराचा थर ठेवायचा. दाब पडला की वरचा थर खालच्याच्या जवळ येतो आणि त्या जोडीची विद्युतभार साठवण्याची क्षमता वाढते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या झेनान बाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली यात एक नामी सुधारणा केली. सपाट रबराऐवजी त्यांनी सूक्ष्म पिरॅमिडांची रांगच रांग असलेला रबराचा थर घातला. पिरॅमिडांमध्ये मोकळी जागा असल्याने टोकं चटकन दबतात आणि तितक्याच चटकन पूर्ववत होतात. या सेन्सरवर माशी ठेवली तर तिचं २० मिलिग्रॅम वजनही त्याला कळलं!

तिसरी युक्ती तुमच्या घरातच आहे. गॅसचा लायटर दाबला की ‘टक्’ आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल, ना वायर. आत एक खास पदार्थ असतो. त्यावर छोटी हातोडी आपटते आणि त्या दाबाने वीज निर्माण होते. काही स्फटिकांचा हा गुण जाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधला. त्याचं नाव पिएझोविद्युत. भेटला ना आपला ‘पिएझो’? हाच गुण असलेलं एक पातळ प्लॅस्टिकही १९६९ पासून माहीत आहे. ते बोटावर चिकटवता येतं. मात्र हा पदार्थ दाब बदलताना बोलतो आणि दाब स्थिर झाला की गप्प बसतो. अगदी पाचिनीसारखा! पहिल्या दोन युक्त्या दाब टिकून असेपर्यंत खबर देतात, मर्केलसारख्या. म्हणून चांगल्या कृत्रिम बोटात दोन्ही जातींचे सेन्सर घालतात. कातडीनेही हेच केलं आहे की.

पण हे सगळं लवचीक का हवं? कडक बोट काचेवर टेकलं तर एकाच ठिकाणी टेकतं. मऊ बोट मात्र वस्तूच्या आकाराप्रमाणे दबतं, पसरतं आणि जास्त जागेवरून माहिती गोळा करतं. शिवाय बोटाला सांधे आहेत. तिथलं आवरण रोज हजारदा वाकणार. साध्या सर्किटसारखं कडक असेल तर तडकून जाईल. टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ साली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर वाकणारी इलेक्ट्रॉनिक कातडी करून दाखवली, आणि तेव्हापासून या कामाला जोर आला.

११७ कापडं-कागदांची परीक्षा

२०१२ साली अमेरिकेत जेरेमी फिशेल आणि जेराल्ड लोब यांनी एका यांत्रिक बोटाची परीक्षा घेतली. या बोटात हाडाच्या जागी कडक गाभा, त्याभोवती द्रव आणि त्यावर ठसे असलेली रबरी कातडी होती. बोट घासलं की थरथर द्रवातून आत जाई आणि आतला छोटा माइक ती ऐके. कापडाच्या, स्टेशनरीच्या, हार्डवेअरच्या दुकानांतून ११७ प्रकारचे पदार्थ आणले. बोटाने त्यांतले ९५ टक्के वेळा बरोबर ओळखले.

त्याची पद्धतही हुशारीची होती. ‘ओळखा पाहू’ खेळताना तुम्ही पहिल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरवता ना? तसं हे बोट एकदा घासून बघे, मग कोणत्या दोन-चार पदार्थांत घोटाळा होतोय ते ठरवी आणि त्यांतला फरक उघड होईल अशीच पुढची हालचाल निवडी. साधारण पाच हालचालींत उत्तर तयार!

यंत्राला कळलं. माणसाला कधी कळणार?

यंत्राने पडद्यावर ‘रेशीम’ असं लिहिलं, म्हणजे हात गमावलेल्या माणसाला रेशीम जाणवलं असं होत नाही. त्यासाठी सेन्सरची भाषा चेतातंतूंच्या भाषेत सांगावी लागते. चेतातंतू, म्हणजे ज्याला आपण नर्व्ह म्हणतो, ते फक्त विजेच्या छोट्या स्पंदांत बोलतात. टक्, टक्-टक्, टक्-टक्-टक्. दाब जास्त तर टक्टक् भराभर.

आणि इथे निसर्गाने एक वाट मोकळी ठेवली आहे. हात गेला तरी त्या हाताकडून येणारे चेतातंतू उरलेल्या दंडात बहुधा जिवंत असतात. समजा तुमच्या घराच्या दारावरची घंटा मोडली, पण तिची वायर भिंतीत आहे. मध्येच कुणी ती वायर जोडली तर आत घंटा वाजेल आणि तुम्ही म्हणाल, “दारात कुणीतरी आलंय!” तसंच तर्जनीकडून येणाऱ्या तंतूला दंडात स्पंद दिले, तर मेंदूला वाटतं की तर्जनीलाच काहीतरी लागलं. जी तर्जनी नाहीच, तिला!

डेन्मार्कच्या डेनिस आबो सोरेन्सन यांचा डावा हात फटाक्यांच्या अपघातात गेला. (दिवाळीत हे वाक्य आठवा, दोस्तांनो.) सुमारे नऊ वर्षांनी, २०१३ साली, रोममध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या दंडातल्या चेतातंतूंत अतिशय बारीक इलेक्ट्रोड बसवले आणि ते सेन्सर असलेल्या कृत्रिम हाताला जोडले. डोळ्यांवर पट्टी, कान बंद. तरी हातातली वस्तू कडक आहे की मऊ, हे त्यांनी सांगितलं. २०१६ साली त्यांच्यावरच्या आणखी एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या कॅलोजेरो ओडो आणि सिल्वेस्त्रो मिचेरा यांच्या गटाने बनवलेलं कृत्रिम बोट प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरून एक यंत्र फिरवत होतं. काही तुकड्यांवर भरड रेघा, काहींवर बारीक. सोरेन्सन यांनी ९६ टक्के वेळा खरखरीत कोणतं, गुळगुळीत कोणतं, ते बरोबर ओळखलं. आणि त्यांना ते जाणवलं ते आपल्या नसलेल्या तर्जनीच्या टोकाला!

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नितीश ठाकोर यांचा गट याच कामात आहे. ठाकोर आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले. त्यांच्या गटाने २०१८ साली कापड आणि रबर यांची एक कातडी केली. ती कृत्रिम बोटांवर चढवता येते. यात शस्त्रक्रिया नाही, उरलेल्या हाताच्या त्वचेवरूनच हलके विद्युतस्पंद देतात. या कातडीला गोल काय आणि टोकदार काय ते कळतं, आणि टोकदार वस्तू लागली तर वेदनेची सूचनाही मिळते. वेदना कशाला हवी, असं वाटलं ना? पण टोचलं हे कळलंच नाही तर हात मागे कोण घेणार? २०२५ साली याच विद्यापीठाने असा हात दाखवला, की त्याचा सांगाडा कडक, बोटं मऊ आणि सेन्सरचे थर तीन. पाण्याने भरलेला पातळ प्लॅस्टिकचा पेला त्याने न चेपता उचलला.

आकडे वाचून आपण ‘वा!’ म्हणतो. पण या माणसांना काय हवं असतं? अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या २०१९ सालच्या प्रयोगात एका गृहस्थांनी असा हात लावून घडातली द्राक्षं न चिरडता तोडली, अंडं न फोडता उचललं. आणि त्यांनी आपल्या पत्नीचा हात हातात धरला. तो हात धरल्याचं त्यांना जाणवलं. अनेकांना नसलेला हात दुखतो, ठणकतो. स्पर्श परत मिळाल्यावर काही जणांचं ते दुखणंही कमी झाल्याचं दिसलं आहे.

अजून काय बाकी आहे?

खूप काही! आपल्या हातात १७,००० संवेदक आणि सोरेन्सन यांच्या दंडात मोजके इलेक्ट्रोड. शरीर परक्या तारेभोवती हळूहळू जाड आवरण तयार करतं आणि मग संदेश पोचेनासा होतो. रबरी कातडी झिजते, फाटते. आपली कातडी खरचटली तर चार दिवसांत भरून येते, हे विसरू नका. सेन्सरना बॅटरी लागते. आणि किंमत? प्रयोगशाळेतला हात गावातल्या माणसाला परवडला तरच त्याचा उपयोग. आपल्या देशात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ बनवला, तो स्वस्त आणि दणकट होता म्हणूनच लाखोंपर्यंत पोचला. स्वस्त, दणकट आणि शिवाय स्पर्श कळणारा हात अजून कुणीतरी बनवायचा आहे. तुमच्यापैकी कुणी?

करून पाहा

१. मैदा, कणीक, बारीक रवा आणि जाड रवा चार वाट्यांत घ्या. मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. आधी त्याने बोट नुसतं टेकवून ओळखायचं, मग चिमटीत चोळून. दोन्ही वेळचे गुण मांडा. जास्त कधी मिळाले?

२. कंगव्यावर नख आधी हळू, मग भरभर फिरवा आणि आवाज ऐका. भरभर फिरवताना आवाज चढा का होतो, ते वरच्या गणितावरून सांगा.

३. १०० आणि ५०० रुपयांच्या नव्या नोटा घ्या. डाव्या-उजव्या कडांजवळ तिरक्या, उठावदार रेघा आहेत. १०० च्या नोटेला चार, ५०० च्या नोटेला पाच. दृष्टिहीन व्यक्तींना नोट ओळखता यावी म्हणून त्या छापल्या आहेत. डोळे मिटून मोजता येतात का बघा. नोट जुनी आणि मळकी असेल तर काय होतं?

४. बोटाच्या टोकावर सेलोटेप घट्ट चिकटवा आणि पॉलिश पेपर, रुमाल, वहीचं पान ओळखायचा प्रयत्न करा. ठसे झाकले गेल्यावर काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.

पालकांसाठी: हे चारही प्रयोग घरातल्या वस्तूंनी होतात. मुलांबरोबर आपणही डोळे मिटून बसावे. इतकी वर्षे स्वयंपाक केलेली आजी बहुधा सगळ्यांना हरवील! ती कशी हरवते, हे मुलांना तिलाच विचारू द्यावे.